सत्तर हजारांत ओव्हरक्लॉक होणारा गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका वाचकांकडे १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि कीबोर्ड-माउस आहेत. कॅबिनेट आणि त्यातलं सगळं सत्तर हजारांत बसवायचं आहे, आणि ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे भाग कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, करायचंच आहे. खेळायचं ते व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि सायबरपंक. दुकानातून कोटेशन आलं आहे ते असं: इंटेल आय५ १२६००केएफ, झेड६९० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५०, २४० मिलिमीटरचा वॉटर कूलर आणि ‘७५० वॅट’ लिहिलेला एक अनोळखी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). ओव्हरक्लॉकिंगसाठी एवढं लागतंच, असं सांगितलं गेलं. हे घ्यावं का?

घेऊ नका. या कोटेशनमध्ये ओव्हरक्लॉकिंगची हौस भागते, पण गेम चालत नाहीत. प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर यांनीच बहुतेक पैसे खाल्ले, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला ४ जीबीचं १६५० आलं. सायबरपंकसारख्या खेळात १०८०पीवर सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येणार हे ग्राफिक्स कार्ड ठरवतं. १६५० लावून प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर नेला काय किंवा आहे तिथे ठेवला काय, सायबरपंकचा आकडा जागचा हलणार नाही.

ओव्हरक्लॉक केलं की स्वस्तातला प्रोसेसर महागाइतका पळतो, ही समजूत जुनी आहे आणि एके काळी खरीही होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसचा (मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० वर नेला की सरळ ४५० वर चालायचा. २०१४ चा पेंटियम जी३२५८ ३.२ वरून ४.२ च्या पुढे सहज जायचा. आजचा प्रोसेसर तापमान, करंट आणि व्होल्टेज बघून स्वतःच क्षणोक्षणी वर-खाली होतो, त्यामुळे कारखान्यातच त्याचा बहुतेक रस काढलेला असतो. हाताने आणखी मिळतात ते पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून कमी बजेटमध्ये एकच हिशेब ठेवायचा: ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळे पैसे मोजायचे नाहीत, जे भाग फुकटात ओव्हरक्लॉक होतात ते घ्यायचे. इंटेलकडे या हौसेचा दुहेरी कर पडतो, नावात ‘के’ असलेला प्रोसेसरही हवा आणि झेड मालिकेतला बोर्डही. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर फक्त रॅमचा वेग वाढवता येतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) नावात एक्स३डी असलेले सोडले तर जवळपास सगळेच रायझन प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगला खुले आहेत आणि बी४५० किंवा बी५५० चा साधा बोर्ड पुरतो. ए३२० आणि ए५२० मात्र चालत नाहीत, तिथे प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद असतं.

सत्तर हजारांची वाटणी मी अशी करीन. हे बाजारभाव नाहीत, प्रत्येक भागावर जास्तीत जास्त किती जाऊ द्यायचे याच्या मर्यादा आहेत.

ग्राफिक्स कार्ड: २५ हजार
प्रोसेसर, रायझन ५ ५६००: ११ हजार
बी५५० मदरबोर्ड: ९ हजार
१६ जीबी डीडीआर४, ८-८ च्या दोन कांड्या: साडेआठ हजार
५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी: ५ हजार
५५० वॅटचा एसएमपीएस: ५ हजार
कॅबिनेट, पंख्यांसकट: ४ हजार
टॉवर कूलर: २ हजार

भाव विचारताना जीएसटी धरून विचारा. सुट्या भागांवर १८ टक्के आहे, आणि ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्याकडे पुढे वॉरंटीचं नाव काढता येत नाही. बॉक्समधला प्रोसेसर घ्या. ट्रे म्हणून सुटा मिळतो त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते, दुकानाची असते.

रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. कागदावर ६५ वॅट, प्रत्यक्ष सॉकेटची मर्यादा ७६ वॅट. शेजारीच ५५०० दिसेल, थोडा स्वस्त, आणि दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणेल. तो सेम नाही. त्यात कॅश १६ एमबी आहे आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाशी जोडणारा मार्ग) जुन्या पिढीचा ३.० आहे. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर बेतलेल्या खेळात कॅशचा फरक उघड दिसतो. शिवाय या किमतीतली बरीच ग्राफिक्स कार्डं या मार्गाच्या आठच लेनवर चालतात, त्यांना ३.० वर बसवलं की रस्ता निम्मा होतो. ५६००जी चीही तीच कथा, त्यात चित्र दाखवण्याची सोय आतच आहे एवढाच फायदा. नव्या एएम५ सॉकेटवर रायझन ५ ७५००एफ घेणं पुढच्या दृष्टीने शहाणपणाचं, पण त्याला डीडीआर५ लागते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकलेत की या बजेटमध्ये त्याची भरपाई पुन्हा ग्राफिक्स कार्डातूनच करावी लागेल.

मदरबोर्ड निवडताना आरजीबीकडे नाही, प्रोसेसरच्या डाव्या अंगाला व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे की नाही ते बघा. ५६०० ला पॉवर फेजची फौज लागत नाही. एमएसआय बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय किंवा गिगाबाइट बी५५०एम डीएस३एच या वर्गातला बोर्ड पुरतो. रॅमचे चार स्लॉट असतील तर बरं. मागच्या बाजूला बायोस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम) फ्लॅश करायचं बटण असेल तर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस घालता येतो, ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याला याचे दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. जुना बी४५० स्वस्तात मिळत असेल तर ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट आहे का ते दुकानातच प्रोसेसर लावून, स्क्रीनवर बघून घ्या.

आता रॅम. कोटेशनमधली सगळ्यात मोठी चूक ग्राफिक्स कार्डाची, दुसरी या एकट्या ८ जीबीच्या कांडीची. डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन कांड्या दोन चॅनेलवर ५१.२ जीबी. एका कांडीवर सरासरी फ्रेम कमी होतातच, पण त्याहून त्रास होतो तो मध्येच बसणाऱ्या झटक्यांचा. ‘नंतर एक टाकू’ हाही सल्ला ऐकू नका. सहा महिन्यांनी त्याच नावाची कांडी घेतली तरी आतली चिप वेगळी निघते आणि दोघी मिळून जाहीर वेगावर चालतीलच याची खात्री नाही. पाकिटातच दोन असलेला संच घ्या.

पाकिटावरचा मेगाहर्ट्झचा आकडा एकटा वाचू नका, सोबत सीएल (रॅमला उत्तर द्यायला लागणारी चक्रं) बघा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५, आणि स्वस्त हिरव्या कांड्या बहुधा याच असतात. ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९, पण तिचे पैसे या बजेटला परवडत नाहीत. ३२०० सीएल१६ घ्या. ३६०० सीएल१८ त्याच भावात मिळाली तर ती, कारण या प्रोसेसरमध्ये रॅमचा घड्याळवेग आणि आतल्या इन्फिनिटी फॅब्रिकचा (कोअर आणि रॅम यांना जोडणाऱ्या मार्गाचा) वेग एकास एक ठेवायचा असतो. ३६०० च्या रॅमचं घड्याळ त्याच्या निम्मं, म्हणून फॅब्रिकही १८०० वर येतं आणि बहुतेक ५६०० तिथे निवांत चालतात. ४००० ची रॅम आणून एकास एक तुटलं की महाग रॅम उलट हळू पडते. वापरलेली डीडीआर४ घ्यायला माझी ना नाही, रॅम सहसा मरत नाही. फक्त घेताना संच एकाच मॉडेलचा आहे ना ते स्टिकरवर बघा आणि घरी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे काढून घ्या.

ग्राफिक्स कार्डासाठी आधार धरा एएमडीचं आरएक्स ६६००: ८ जीबी, १३२ वॅट, ८ पिनची एकच वायर. १६५० च्या मानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त काम करतं. आरएक्स ७६०० दोन-तीन हजारांच्या फरकात मिळत असेल तर ते घ्या, वीज मात्र १६५ वॅट धरा. एनव्हिडियाचंच हवं असेल तर ४०६० (११५ वॅट) बसतं का बघा. इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी मेमरी मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्या ड्रायव्हरचं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि ५६०० बरोबर काही खेळांत कार्ड रिकामं बसून राहतं. आरएक्स ६५०० एक्सटी कोणी फुकट दिलं तरच, त्याला ४ जीबी मेमरी आणि चारच लेन आहेत. दोन पंख्यांचं साधं मॉडेल घ्या. ‘ओसी एडिशन’ लिहिलेल्या डब्याला दोन हजार जास्त देऊन मिळतात ते तीस-चाळीस मेगाहर्ट्झ, जे तुम्ही घरी पाच मिनिटांत चढवणार आहात.

एसएमपीएसवर लिहिलेला वॅटचा मोठा आकडा विसरा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. धड ५५० वॅटच्या युनिटला तिथे ४३ ते ४५ अँपिअर असतात, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर. स्वस्त ‘४५० वॅट’च्या डब्यावर कधी १४ अँपिअर दिसतात. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट, आणि प्रोसेसर व कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. तरी निदान तेवढं हवंच, आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेलं मॉडेल असेल तर कंपनीचा स्वतःवर विश्वास आहे असं समजा. कॉर्सेअर सीएक्स५५० किंवा डीपकूल पीके५५०डी या पातळीच्या खाली उतरू नका. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या जोडणीवरून) ८ पिन बनवणारी पट्टी डब्यात मिळाली तर ती कचऱ्यात टाका. ८ पिनमधून १५० वॅट जाणं अपेक्षित असतं आणि मोलेक्सची पिन त्यासाठी बनलेली नाही, ती वितळते.

घरची वीजही मशीनचाच भाग धरा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस खराब नाही, प्लगाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय केबल लावता-काढता पोर्ट उडवायला तेवढा पुरतो. इलेक्ट्रिशियनकडून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून घ्या. पहिला आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळ हवा, दुसरा दोन-तीन व्होल्टच्या आत.

हे मशीन खेळताना भिंतीतून तीनशे वॅटच्या आत घेतं. ६०० व्हीए चा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो, नवी बॅटरी असताना झेपतो आणि वर्षभराने वीज जाताक्षणी टीं करून मान टाकतो. १००० व्हीए च्या वर्गातला घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. चांगला एसएमपीएस विजेविना सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये बदलायला त्याहून जास्त वेळ घेतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. यूपीएसची परीक्षा गेम चालू असताना त्याचा प्लग ओढून घ्या, डेस्कटॉपवर नाही. आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत घ्या.

कूलरसाठी वॉटर कूलर नको. ५६०० बरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगाला पुरतो, पण नागपूरच्या मे महिन्यात नाही. हिशेब सोपा आहे: कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंश वर ठेवतो. खोली २५ वर असताना प्रोसेसर ७५ दाखवत असेल तर फरक ५० चा, आणि खोली ३८ झाली की तोच प्रोसेसर ८८ वर. ५६०० ची मर्यादा ९० आहे, तिथे पोचला की तो स्वतः वेग कमी करतो आणि तुमचं ओव्हरक्लॉकिंग कागदावर राहतं. चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला डीपकूल एके४०० सारखा टॉवर हा फरक बराच खाली आणतो. त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे, कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तेवढी जागा आहे ना ते आधी बघा. विदर्भातल्यांसाठी एक वेगळी सूचना: डेझर्ट कूलरच्या झोतात पीसी ठेवू नका. ती हवा गार वाटते, पण सोबत बारीक तुषार आणि क्षार घेऊन येते, आणि कूलरच्या पात्यांवर पांढरा थर बसतो. कोकण-गोव्यात प्रश्न दमटपणाचा आणि खाऱ्या हवेचा. तिथे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी मशीन तासभर चालू ठेवा.

कॅबिनेट समोरून जाळीचं, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. समोर काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान आणि आत भट्टी. एसएसडी टीएलसी प्रकारच्या चिपचा घ्या, क्यूएलसी चिपचा भरत आला की लिहिताना रखडतो. ३.० चा वेग खेळांना पुरतो. प्रोसेसरजवळच्या एम.२ स्लॉटमध्ये लावा. खालचा स्लॉट वापरला की काही बोर्डांवर दोन साटा पोर्ट बंद पडतात आणि जुनी हार्ड डिस्क ‘गायब’ होते.

जोडणीत फार काही सांगण्यासारखं नाही, नेहमी चुकतं तेवढंच सांगतो. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढा, ती तशीच राहिलेली मशीनं दुरुस्तीला येतात. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, कार्डात. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी. आणि एएम४ वर कधी कूलर उतरवायची वेळ आली तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सैल करून उचला. थंड असताना सरळ वर ओढला तर लॉक लागलेला असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

आता ओव्हरक्लॉकिंग. आधी हे लक्षात घ्या की एएमडी त्याला वॉरंटीबाहेर धरते. काहीही बदलण्याआधी सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि स्कोअर, एचडब्ल्यूइन्फोमधलं कमाल तापमान आणि खोलीचं तापमान कागदावर लिहून ठेवा. हे तीन आकडे नसतील तर नंतर आपण पुढे गेलो की मागे हे कळायला मार्ग नाही.

पहिलं काम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लावणारी सोय) चालू करणं, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते न केल्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालवणारी घरं असंख्य आहेत. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसेल, घाबरू नका, तो अर्धा आकडा दाखवतो. दुसरं काम रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय): बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद. रेडिऑन कार्डाला याने काही खेळांत खरोखर फरक पडतो. मात्र जुनी डिस्क आणली असेल आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेली असेल, तर सीएसएम बंद केल्यावर ती बूटच होणार नाही. आधी विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी ने ती बदलून घ्या. ही दोन कामं केली की तुमच्या एकूण लाभातला मोठा हिस्सा पदरात पडला, व्होल्टेजला हात न लावता.

प्रोसेसरसाठी सगळे कोअर ४.६ वर ठोकून ठेवण्यापेक्षा पीबीओ (मर्यादा वाढवून प्रोसेसरला स्वतःच वर जाऊ देणारी एएमडीची सोय) वापरा. पीबीओ ‘ॲडव्हान्स्ड’वर घ्या. मूळ मर्यादा पीपीटी (वीज) ७६ वॅट, टीडीसी (सततचा करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणाचा करंट) ९० अँपिअर अशा आहेत, त्या ९५, ७०, १०० करा. ‘मदरबोर्ड’ असा पर्याय दिसतो तो नको, तो मर्यादा इतक्या वर नेतो की प्रोसेसर नुसता तापतो. मग कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरला मिळणारं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग), सगळ्या कोअरना उणे १०. यातली एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि वजा ३० च्या खाली जाता येत नाही. तेवढ्याच उष्णतेत कमी व्होल्टेज म्हणजे प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वर राहतो. उणे १५, उणे २० असं पाच-पाचने उतरा. सगळं स्थिर झालं की बूस्ट ओव्हरराइड (कमाल वेगाची मर्यादा वाढवणारं सेटिंग) आधी १०० आणि मग २०० मेगाहर्ट्झ. एक-दोन कोअरवर ४.६ च्या आसपास दिसलं की थांबा.

गोची इथे आहे: कर्व्ह ऑप्टिमायझरची चूक पूर्ण भाराखाली दिसत नाही. सिनेबेंच तासभर चालेल, गेम चालेल आणि रात्री यूट्यूब बघताना मशीन न सांगता रीस्टार्ट होईल. कारण पूर्ण भारात वेग उतरलेला असतो. एकटा कोअर क्षणभर शिखरावर जातो तेव्हाच त्याला कापलेलं व्होल्टेज कमी पडतं. म्हणून चाचणी कोअरसायक्लरने करा, तो एकेका कोअरला वेगळं पळवतो. रात्रभर लावून ठेवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) आणि इव्हेंट १८ दिसला तर तिथला एपीआयसी आयडी कोणता कोअर पडला ते सांगतो, फक्त त्याचा आकडा पाचने वर घ्या. बहुधा तो प्रोसेसरच्या सर्वांत चांगल्या दोन कोअरपैकी एक असतो, कारण त्यांना कारखान्यातच घट्ट बांधलेलं असतं. इव्हेंट १९ दिसला तर प्रोसेसरला दोष देऊ नका, तो फॅब्रिकचा ताण आहे. १८०० वरून खाली या किंवा एसओसीला (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाला) १.१ व्होल्टपर्यंत द्या. तिथे १.१५ च्या पुढे जायचं कारण नाही.

रॅम जास्त ताणली तर लक्षणं वेगळी येतात: झिप उघडताना एरर, गेमचं अपडेट ‘करप्ट’, ब्राउझरचे टॅब आपोआप मरणं. अशा अवस्थेत विंडोज वापरत राहिलात तर फाइली हळूहळू बिघडतात आणि मग सगळं मूळ जागी आणूनही विंडोज पुन्हा टाकावी लागते. म्हणून रॅमची परीक्षा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ने, विंडोजच्या बाहेर. मशीन सुरूच होईना तर वीज काढून मदरबोर्डावरच्या क्लिअर सीएमओएसच्या (बायोसची सेटिंगं पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. त्यानंतर सगळी सेटिंगं मूळ होतात आणि सिक्युअर बूटही पुसलं जाऊ शकतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट आणि टीपीएम (बायोसमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतात, त्यामुळे गेम उघडेना म्हणून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, बायोसमध्ये जा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बायोस अपडेटच्या आधी तिची रिकव्हरी की फोनमध्ये ठेवा. बायोस जुना असेल आणि खेळताना मध्येच अर्ध्या सेकंदाचा अडखळा येत असेल, तर तो एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या टीपीएमचा) जुना दोष आहे, अजेसा (एएमडीच्या बायोसचा गाभा) १.२.०.७ पासून दुरुस्त झाला.

ग्राफिक्स कार्डावर उलट दिशेने चला. एएमडीच्या ॲड्रेनॅलिन प्रोग्राममध्ये व्होल्टेज २५-२५ मिलिव्होल्टने कमी करत न्या, प्रत्येक पायरीला ज्या खेळात कार्ड ९८ टक्क्यांवर राहतं असा खेळ अर्धा तास चालवा. ड्रायव्हर कोसळला की दोन पायऱ्या वर. उन्हाळ्यात यानेच जास्त फायदा होतो, कारण वाचलेली वीज कार्ड वेगात वापरतं आणि पंखे ओरडत नाहीत. मेमरी ६६०० वर मूळ १७५० मेगाहर्ट्झ आहे, २०-२० ने चढवा आणि प्रत्येक वेळी फ्रेम मोजा. जीडीडीआर६ चूक झाली की तीच माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे पडद्यावर ठिपके न दिसताच वेग घटू लागतो. फ्रेम वाढायची थांबली की दोन पायऱ्या मागे.

कुठे काय अडतंय हे ओळखायला एक साधी युक्ती पुरते. खेळाचं रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम वाढल्या तर अडथळा कार्डाचा, जागीच राहिल्या तर प्रोसेसर-रॅमचा. सायबरपंकमध्ये पहिलं दिसेल, व्हॅलोरंटमध्ये दुसरं. तुमची रॅम आणि पीबीओची मेहनत व्हॅलोरंटमध्येच दिसणार आहे, सायबरपंकमध्ये नाही.

सत्तर हजारही जास्त वाटत असतील तर वापरलेलं कार्ड बघा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून. बिल, सिरीयल नंबर आणि शिल्लक वॉरंटी एकत्र जुळली तरच. तुमच्या समोर पंधरा मिनिटं भाराखाली चालवून दाखवायला सांगा आणि जीपीयू-झेडमध्ये शेडरची संख्या वाचा, ६६०० ला १७९२ हवेत. नाव बदललेली कार्डं तिथे पकडली जातात. झिऑनचा (इंटेलच्या सर्व्हर मालिकेतला) जुना प्रोसेसर आणि अनोळखी एक्स९९ बोर्ड असा कॉम्बो स्वस्तात दाखवतील, खेळांसाठी तो नको.

शेवटी, बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन करा. एक हिवाळ्याचं, पूर्ण मर्यादांचं. दुसरं एप्रिल ते जूनसाठी: तोच कर्व्ह, पण पीपीटी ७६ वर आणि ओव्हरराइड शून्य. बायोस अपडेट केला की जुनी प्रोफाइलं पुसली जातात किंवा चालत नाहीत, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.